रबराच्या कडेखाली

बसगाड्या रंगवायच्या शेडमध्ये तो बावीस वर्षं रंगारी होता आणि बावीस वर्षांत त्याच्या हाताला कुणी नाव ठेवलं नव्हतं. नाव ठेवलं गेलं ते गळ्याला.

मास्कची चाचणी होती. डोक्यावरून पारदर्शक टोपडं घालायचं, आत कडू पाण्याचा फवारा मारायचा आणि आतल्या माणसाला विचारायचं, कडू लागलं का? मास्क चेहऱ्याला चपखल बसला असेल, तर जिभेला काही कळत नाही. रंगाऱ्याच्या जिभेला पहिल्याच फवाऱ्यात कळलं. जबड्याखाली, जिथे मास्कच्या रबराची कडा टेकते, बरोब्बर तिथे त्याच्या गळ्यावर पुटकुळ्यांची माळ होती. काही लाल, काही काळसर, दोन पिकलेल्या. त्या उंचवट्यांवर रबर बसेना आणि मधल्या फटींतून कडू आत येई. दाढी वाढवून चालत नव्हतं, कारण खुंटांवर तर रबर मुळीच बसत नाही. शेडचा नियमच होता, रंगाच्या खोलीत जायचं तर गाल-गळा तासलेला हवा.

चाचणी घेणाऱ्या मास्कवाल्या बाईंनी कागदावर पंधरा दिवसांची मुदत लिहून दिली. तोवर आतलं काम बंद, बाहेर गाड्यांच्या काचांना टेप आणि कागद चिकटवायचे. पंधरा दिवसांनी पुन्हा चाचणी. तीही हुकली तर पुढचे सहा महिने गाड्या धुवायच्या.

एरवी त्याने तेही सोसलं असतं. पण सोळाव्या दिवशी चाळीस नव्या गाड्या यायच्या होत्या, आणि त्यांच्या अंगावरचे पट्टे त्याने काढले होते. स्वतः, घरच्या टेबलावर, मुलीच्या जुन्या वहीत. पुढच्या चाकावरून निघून खिडक्यांखालून लांब जाणारा आणि मागच्या दाराशी वळण घेऊन वर चढणारा निळा पट्टा, त्याच्या पोटात बारीक पांढरी रेघ. फोरमनने ते चित्र वरपर्यंत नेलं आणि मंजूर करून आणलं. बावीस वर्षं त्याने दुसऱ्यांचे पट्टे मारले. आता त्याचा पट्टा येणार, आणि मारणार दुसराच कुणी.

घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं, तेव्हा ती पाय कोमट पाण्याच्या बादलीत सोडून बसली होती. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर होती. दिवसभर उभं राहायचं, दिवसभर लोकांची दुखणी ऐकायची, घरी येईतो घोट्यांवर सूज चढायची. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, उजेडात या. तो दिव्याखाली गेला. तिने चष्मा नाकावर ओढला, त्याची हनुवटी दोन बोटांनी वर केली आणि कितीतरी वेळ नुसतं पाहिलं.

"रोज शेजारी झोपते मी," ती म्हणाली, "आणि हे मला दिसलं नाही."

त्यालाही तिच्या घोट्यांची सूज बादली आल्यावरच दिसली होती.

बाथरूमच्या फळीवर एक पत्र्याचा डबा होता. त्यात वर्षानुवर्षांचं सामान साचलं होतं. तीन पात्यांचं रेझर, मग चार पात्यांचं, मग पाच पात्यांचं. एक सेलवर चालणारं, ते लावलं की गाल थरथरत. पुदिन्याचा फेस, लिंबाचा फेस, निळा जेल आणि हिरवा आफ्टरशेव्ह. प्रत्येक वेळी गळा चिडला की तो एक पातं वाढवी, आणि प्रत्येक वेळी गळा आणखी चिडे. आफ्टरशेव्ह झोंबला की त्याला बरं वाटे. झोंबतंय म्हणजे काम करतंय, असा त्याचा हिशेब.

बायकोने त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्यासमोर दाढी करायला लावली. नुसती कशी करता ते दाखवा, पातं टेकवू नका, म्हणाली. तो करू लागला. खालून वर, एका हाताने कातडी ताणून, मग पुन्हा खालून वर. आणि मधूनमधून डोळे मिटून तळहात गालावरून फिरवी.

त्या तळहातातच सगळं होतं. रंगाऱ्याची परीक्षा डोळ्यांनी होत नाही, तळहाताने होते. पुट्टी भरली, पॉलिश पेपर मारला, की पत्र्यावरून हात फिरवायचा. सुलटा फिरवायचा, उलटा फिरवायचा, जिथे अडला तिथे पुन्हा घासायचं. पाण्यावरून फिरल्यासारखा हात फिरला, की मगच रंग. बावीस वर्षं तो हाच हात रोज सकाळी गळ्यावरून फिरवत होता आणि जिथे अडला तिथे पुन्हा पातं मारत होता. पत्रा घासला की शांत होतो. कातडी घासली की पेटते, हे त्या हाताला कुणी सांगितलंच नव्हतं.

"अहो, हा काय बसचा पत्रा आहे?" बायको म्हणाली.

टेबलाशी अभ्यास करणाऱ्या मुलीने वर न पाहता विचारलं, बाबा, प्रायमर कधी मारणार? तो हसला नाही. त्याला आपल्या तळहाताची लाज वाटली. आणि मग त्या लाजेचीही थोडी लाज वाटली, कारण घर चाललं होतं ते त्याच तळहातावर.

दुकानासमोर कातडीच्या डॉक्टरीणबाई बसत. त्यांच्या चिठ्ठ्या रोज याच काउंटरवर येत, त्यामुळे ओळख होती. बायकोने जेवणाच्या सुट्टीत जाऊन त्यांना विचारलं आणि संध्याकाळी बादलीत पाय सोडून नवऱ्याला समजावून सांगितलं. तुमचे केस कुरळे. पाच पाती एकामागून एक केसाला ओढतात आणि कातडीच्या आत जाऊन तोडतात. तुटलेला केस टोकदार होतो, बाहेर यायला निघतो आणि कुरळा म्हणून वाट चुकतो. वळून पुन्हा आतच शिरतो. कातडीला वाटतं काटा रुतलाय. ती सुजते. तुम्ही ती सूज तासता. एवढंच आहे सगळं.

एवढंच, पण त्याला ते ऐकून बरं वाटलं. इतकी वर्षं त्याला वाटे, आपलं रक्तच वाईट.

पहिले पाच दिवस पातं लावायचंच नव्हतं. बाहेर टेपचं काम होतं, तिथे दाढी चालत होती. सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यात भिजवलेलं मऊ फडकं गळ्यावर ठेवायचं, पाच मिनिटं, घासायचं नाही. एक दिवसाआड झोपताना डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेलं पातळ औषध कापसाने टिपायचं, त्याने मेलेली कातडी सुटते आणि केसाला वाट मिळते. हिरवा आफ्टरशेव्ह बायकोने मोरीत ओतला. घरभर वास सुटला आणि मुलगी म्हणाली, मोरीची दाढी झाली.

शेडमध्ये जोडीदाराने फार छळलं. तो आणि रंगारी एकाच आठवड्यात नोकरीला लागले होते. जोडीदाराचा गाल असा, की चार दिवसांनी चार केस यावेत. चाचणीत तो पहिल्या फवाऱ्यात पास. रंगारी आत गेला नाही तर निळा पट्टा त्याच्याच हाती जाणार होता, हे दोघांनाही माहीत होतं आणि दोघंही त्यावर बोलत नव्हते. त्याऐवजी जोडीदार दाढीवर बोले. वैराग्य आलं का रे? वहिनींनी घराबाहेर काढलं का? पिक्चरमध्ये हिरोची बायको पळून गेल्यावर तो असाच दिसतो. रंगारी काचेवर टेप ताणत राही. टेपची कड अंगठ्याने दाबताना पट्ट्याचं वळण त्याच्या मनगटात आपोआप फिरून जाई.

पाचव्या दिवशी सुट्टी होती. बायकोने त्याला खिडकीपाशी स्टुलावर बसवलं आणि भुवया कोरायची पेन्सिल आणली. वाढलेल्या दाढीत केस कुठून कुठे वळतात ते आता दिसत होतं. गालावर खाली. हनुवटीखाली उजवीकडे. गळ्याच्या डाव्या अंगाला आडवे, आणि उजव्या अंगाला चक्क खालून वर. तिने जागोजागी बारीक बाण काढले. तिची बोटं दुकानातल्या कागदी पुड्यांसारखी कोरडी झाली होती. तो डोळे मिटून बसला. कितीतरी महिन्यांत तिने त्याला इतका वेळ हात लावला नव्हता. दोघंही दमून येत, दोघंही भिंतीकडे तोंड करून झोपत, त्यात राग नव्हता, नुसता थकवा होता.

"जिकडे बाण तिकडे पातं," ती म्हणाली. "उलटं जायचं नाही. हाताला खरखर लागली तर लागू द्या. मास्कला तेवढी चालते, मी विचारून घेतलंय."

मुलीने गळ्याकडे बघून शिट्टी मारली. बाबा, एकेरी वाहतूक झालीय तुमच्याकडे.

बायकोने दुकानातून साधं रेझर आणलं होतं, एका पात्याचं, जड दांड्याचं. जेल बिनवासाचा. क्रीम बिनवासाचं, पांढऱ्या नळीतलं, लहान मुलांच्या अंगालाही चालणारं. निवडताना तिने अर्धा तास फळीवरच्या नळ्या उलटून मागची बारीक अक्षरं वाचली होती. नऊ वर्षं ती दुसऱ्यांना नळ्या काढून देत होती. घरच्यासाठी एवढं वाचायची ही पहिलीच वेळ, हे तिनेच त्याला सांगितलं.

मग सुरू झाली नवी दाढी. पाणी कोमट, फडकं मऊ, दोन मिनिटं धीर. जेल लावायचा, लावून थांबायचं, केस भिजून नरम पडू द्यायचा. कातडी ताणायची नाही, दांडा दाबायचा नाही, जडपणानेच पातं उतरू द्यायचं. एक ओढ, एक धुणं. एक ओढ, एक धुणं. एका जागी दुसऱ्यांदा जायचं नाही. मग गार पाणी, टिपून घेणं आणि झोपताना क्रीमचा पातळ हात. पातं चार दाढ्यांनंतर टाकायचं. एक दिवसाआड करायची, रोज नाही.

त्याला ते फार अवघड गेलं. पातं धरणं सोपं होतं, हात आवरणं अवघड. दाढी झाली की तळहात आपोआप वर येई. त्याने तो ओट्याच्या कडेला टेकवून ठेवायला सुरुवात केली, खोडकर पोराला कोपऱ्यात उभं करावं तसा.

दहाव्या दिवशी दोन केस अजून आत अडकलेले होते, कातडीखाली कमानीसारखे दिसत. बायकोने फडक्याने शेकून शेकून एकाची कमान वर आणली आणि स्वच्छ केलेल्या चिमट्याच्या टोकाने ती नुसती उचलून मोकळी केली. उपटला नाही. उपटला तर पुन्हा आतूनच वाट शोधतो, म्हणाली, त्याला फक्त दार उघडून द्यायचं. दुसरा बाराव्या दिवशी आपणहून बाहेर आला. चौदाव्या दिवशी गळ्यावर नुसते डाग होते, उंचवटा एकही नव्हता. बायकोने चष्मा काढून पदराला पुसला, पुन्हा घातला, पुन्हा पाहिलं. उद्या सकाळी नेहमीसारखीच करा, एवढंच म्हणाली. आणि क्रीम आत्ता लावून झोपा.

पंधराव्या दिवशी दुकानात माल उतरायचा होता, म्हणून ती लवकर गेली. मुलगीही गेली. घर रिकामं, आरसा स्वच्छ, बाण पाठ झालेले. त्याने दाढी केली, अगदी सांगितली तशी. उलटा गेला नाही. हात ओट्यावर टेकवून ठेवला. गळा शांत होता. ही आयुष्यातली सगळ्यात चांगली दाढी झाली, असं त्याला वाटलं.

आणि नेमक्या त्याच क्षणी त्याच्यातला रंगारी जागा झाला. पृष्ठभाग तयार झाला की त्यावर शेवटचा हात चढवायचा असतो. त्याशिवाय काम पुरं होत नाही. एक हात धरतो, दुसरा भरतो, तिसरा झळकतो. दुपारपर्यंत रबर घासणार, मग संरक्षण नको? त्याने क्रीमचा एक हात लावला. सुकू दिला. दुसरा लावला. जबड्याखाली, रबराच्या कडेच्या जागी, बोटाने नीट ओढून तिसरा लावला. आरशात गळा नव्या गाडीसारखा चमकत होता. तो चमकणारा गळा घेऊन, मान जराही न वळवता, तो कामावर गेला.

मास्कवाल्या बाईंची त्या दिवशीची तेविसावी चाचणी होती. त्यांच्या डोळ्यांखाली काळं होतं आणि आवाजात तेच ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हटल्याचा सपाटपणा होता. त्यांनी मास्क बसवला, पट्टे ओढले, टोपडं घातलं. फवारा मारला. दीर्घ श्वास घ्या. काही नाही. डावीकडे बघा, उजवीकडे बघा. काही नाही. त्याच्या छातीत काहीतरी हलकं व्हायला लागलं. वर बघा, खाली बघा. खाली बघितलं आणि रबर गळ्यावरून असं सरकलं, जसं ओल्या रंगावरून बोट सरकतं. कडू सरळ घशात गेलं. त्याला ठसका लागला, बाईंना विचारावंही लागलं नाही.

त्यांनी मास्क काढला, आतली कडा दिव्याकडे धरली. ती तेलकट चमकत होती.

"काय लावलंत हे?"

त्याने सांगितलं. बाईंनी कपाळाला हात लावला नाही, रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, एका बैठकीत दोन संधी असतात, धुऊन या.

नळाशी जाताना त्याला एकच घाई होती, तो तुपकट थर निघाला पाहिजे. नळाशी एकच साबण होता, हातावरचा रंग काढायचा, दाणेदार, वाळूसारखा. बावीस वर्षं तोच हातात येत होता, तोच आला. त्याने गळा घासला. थर निघाला. त्याच्यासोबत पंधरा दिवसांची शांतीही निघाली. नळावरच्या फुटक्या आरशात गळा लाललाल दिसत होता आणि दोन-तीन जागी कातडी फुगून वर येत होती.

जोडीदार मागे येऊन उभा राहिला होता. त्याने सगळं पाहिलं. या वेळी चेष्टा केली नाही. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "कडू लागलं तरी नाही म्हण. तिला काय कळतंय? जीभ तुझी आहे."

रंगाऱ्याने त्याच्याकडे पाहिलं. निळा पट्टा ज्याच्या पदरात पडणार होता, तोच हे सांगत होता. त्याने जोडीदाराच्या खांद्यावर ओला हात ठेवला आणि आत गेला.

पुन्हा टोपडं, पुन्हा फवारा. डावीकडे, उजवीकडे. वर, खाली. या वेळी रबर सरकलं नाही. बाईंनी कागद समोर धरला, मोठ्याने वाचा म्हणाल्या. कागदावर कुठल्याशा बागेतल्या झाडांचं वर्णन होतं. तो वाचू लागला. जबडा हलला, तशी सुजलेली कातडी रबराखाली खालीवर झाली, आणि तिसऱ्या ओळीवर जिभेच्या कडेला एक बारीकसा कडवटपणा आला. फारच बारीक. चहात कुणी चुकून गोळी विरघळवावी तेवढा.

वाचून झालं.

"कडू लागलं?" बाईंनी विचारलं. त्या कागदावर लिहायला वाकल्या होत्या, त्याच्याकडे बघतही नव्हत्या. नाही म्हटलं असतं तर त्यांनी तेच लिहिलं असतं आणि चोविसाव्या माणसाला हाक मारली असती.

त्याला चाळीस गाड्या दिसल्या, एकीमागून एक. चाकावरून निघणारा पट्टा दिसला. मग त्याला रंगाच्या खोलीतली हवा आठवली. तिला कडूपणा नसतो, ती फटीतून आत येते तेव्हा जिभेला काहीच सांगत नाही. रोज आठ तास, गाडीमागून गाडी. आणि नाही म्हटलं, की उद्यापासून रोज सकाळी आरशासमोर ते 'नाही'सुद्धा सांभाळायचं, गळ्यासोबत. त्याच्याने आता आणखी काही सांभाळवत नव्हतं.

"लागलं," तो म्हणाला. "थोडं. पण लागलं."

बाईंचं पेन थांबलं. त्यांनी त्याच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. मग त्या लिहायला लागल्या, आणि लिहिलेला कागद त्याच्यापुढे सरकवताना त्यांनी त्याला पाणी प्यायला दिलं.

फोरमन वाईट माणूस नव्हता. त्याने रंगाऱ्याला सांगितलं, चित्राखाली तुझंच नाव राहील. रंगारी बरं म्हणाला. संध्याकाळी जोडीदार वहीतला कागद घेऊन आला आणि मागच्या दाराशी पट्टा वर चढतो तिथे मनगट कसं फिरवायचं ते विचारू लागला. रंगाऱ्याने हवेत दोनदा फिरवून दाखवलं. तिसऱ्यांदा जोडीदाराचं मनगट धरून फिरवलं. बरोबर, म्हणाला, असंच, मध्ये थांबू नकोस.

तिथून तो घरी न जाता बायकोच्या दुकानात गेला. काउंटरवर गर्दी होती. तो खोकल्याच्या औषधांच्या फळीशी उभा राहिला. तिने गर्दीवरून त्याच्याकडे पाहिलं, आधी चेहरा, मग गळा, आणि तिला सगळं कळलं. हातातली पिशवी गिऱ्हाइकाला देऊन ती बाहेर आली.

तिने काही विचारायच्या आत तिचे डोळे भरले होते. क्रीम चुकलं माझं, ती म्हणाली. मागची अक्षरं सगळी वाचली होती मी. दुसरं घ्यायला हवं होतं, ते जेलसारखं होतं ना, ते.

पंधरा दिवस तिने जे जे केलं होतं ते सगळं तिच्या डोळ्यांदेखत कोसळत होतं. त्याला वाटलं, हे मात्र आपल्याला चालायचं नाही. पट्टा गेला ते चालेल.

"तुझं काही चुकलं नाही," तो म्हणाला. "तू रात्री एक हात सांगितलास. मी सकाळी तीन मारले. वर तो रंग काढायचा साबण लावला."

ती त्याच्याकडे बघत राहिली. "तीन?"

"सुकवून सुकवून."

तिला हसू आलं. ते हसू पुरतं यायच्या आत रडूही आलं, आणि दोन्ही मिळून असं काहीतरी झालं की आतून दुकानमालकाने मान बाहेर काढून पाहिलं. तिने पदराने तोंड पुसलं. मग त्याची हनुवटी दोन बोटांनी वर केली, भर रस्त्यावर, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर.

"फार कडू होतं का?" तिने विचारलं.

"पहिल्यांदा फार. दुसऱ्यांदा इतकंच." त्याने करंगळीचं टोक दाखवलं. "नाही म्हटलं असतं तर खपलं असतं."

करंगळीवर काही लागलं असावं तशी ती तिच्याकडे पाहत राहिली. मग आत जाऊन तिने मालकाला सांगितलं, आज जरा आधी निघते. नऊ वर्षांत पहिल्यांदा. मालकाने घड्याळ पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि हो म्हणाला.

दोघं पायी निघाले. तिचे घोटे दुखत होते म्हणून ती सावकाश चालत होती, आणि त्याला घाई नव्हती म्हणून तोही. चौकात बस थांबली होती, जुन्या पट्ट्याची, कुणीतरी कधीतरी मारलेल्या. तो पट्टा पाहून तो थांबला नाही. उद्यापासून सहा महिने गाड्या धुवायच्या, तिथे मास्क नाही, तिथे दाढीला कुणी विचारत नाही, असं तो तिला सांगत होता. ती म्हणाली, मग वाढवा. त्याने विचारलं, बरी दिसेल? ती म्हणाली, वाईट दिसेल, पण निदान दुखणार तरी नाही. आणि तिने आपली पिशवी त्याच्या हातात दिली, कारण तिच्या हातांना आता तेवढंही जड होत होतं.